अळीमावशीची किळस

जिच्या हातून लाखो अळ्या वाढल्या, त्या बाईला अळीची किळस यायची, हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून तिने कधी सांगितलं नाही.

कापसाच्या संशोधन केंद्रात, मागच्या अंगाला, पंपघराला चिकटून एक बुटकी इमारत होती. खिडक्यांना दुहेरी जाळ्या. आत शिरायला एकापाठोपाठ दोन दारं, आणि पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा दंडक. या इमारतीला सगळे अळीघर म्हणत आणि तिथे काम करणाऱ्या बाईला अळीमावशी. तिचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतंच उरलं होतं.

अळीघरात कापसाची बोंडं पोखरणारी हिरवी अळी पाळत. हो, पाळत! बाहेर लोक जिला मारायला पंप पाठीला बांधून फिरतात, तिला आत बसवून जेवू घालत. मोठ्या पातेल्यात हरभऱ्याचं पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वांची पूड आणि थिजायला अगर नावाची शेवाळाची पूड, असं एक घोटलेलं अन्न शिजायचं. ते प्लास्टिकच्या छोट्या वाट्यांत ओतायचं आणि प्रत्येक वाटीत एकच अळी सोडायची. एकच, कारण दोघी एकत्र ठेवल्या तर सकाळी एक शिल्लक राहायची, आणि तिच्या तोंडाला दुसरीचा हिरवा रस लागलेला असायचा. एकाच पतंगीच्या पोटच्या, सख्ख्या बहिणी बरं का! म्हणून जिला-तिला वेगळं बिऱ्हाड.

त्या बिऱ्हाडात अळी काय करायची? खायची आणि हगायची. दुसरा उद्योग नाही. अन्न ताजं असताना बरं वाटे, पण चार दिवसांत वाटीत ओलसर काळे दाणे साचत, त्यावर वाफ धरे, आणि झाकण काढलं की जो भपकारा येई तो काय सांगावा! भिजलेल्या कुत्र्यावर नासलेलं दूध ओतावं तसा. शिवाय अळीला बोट लागलं की ती तोंडातून हिरवं पाणी ओकायची. पहिल्या दिवशी एकीने मावशीच्या नखावर ओकलं आणि मावशी पंपघरामागे जाऊन अळीवर वरताण ओकली. तोंड धुतलं, आणि परत आत गेली. नवरा केंद्रात वायरमन होता, तो गेल्यावर त्याच्या जागी हे काम मिळालं होतं. घरी लहान मुलगा होता. आवडनिवड विचारायला कोण बसलंय?

पुढे तिने कानाला खडा लावला. उघड्या हाताने कधी अळीला शिवायचं नाही. मऊ केसांचा ब्रश घ्यायचा, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत जाताना तो ब्लीचच्या पाण्यात बुचकळायचा, मग साध्या पाण्यात. वाट्या उकळायच्या, झाकणं उकळायची, जमलं तर टेबलसुद्धा उकळलं असतं. आणि एखादी अळी जराशी मलूल दिसली, तुकतुकीत दिसली, तोंड वर करून बसलेली दिसली, की वाटीसकट चुलीवरच्या उकळत्या डब्यात. विचारपूस नाही, दयामाया नाही. नुसती किळस!

आणि गंमत बघा. तिची ही स्वच्छता बघून सगळ्यांना वाटायचं, काय हा जिव्हाळा! केंद्रातल्या मॅडम, ज्या अळ्यांवर औषधांच्या चाचण्या करत, त्या पाहुण्यांना घेऊन आल्या की म्हणायच्या, "आमच्या मावशी यांना लेकरांसारखं सांभाळतात." पाहुणे माना डोलवायचे. मावशी हसायची आणि मनात म्हणायची, लेकरं डोंबलाची! पण तोंडाने काही बोलायची नाही. आपल्यातच काही खोट आहे, माया नसताना आपण मायेचं कौतुक खातो, असं तिला वाटे आणि त्याची तिला लाज वाटे.

अळीघरात दोन खोल्या मुख्य. एका खोलीत शेतांतून गोळा करून आणलेल्या अळ्या ठेवत, ती पाहुणखोली. दुसऱ्या खोलीत केंद्राचं जुनं घराणं. या घराण्यातल्या अळ्यांनी, त्यांच्या आयांनी, आज्यांनी, पणज्यांनी कधी औषधाचा थेंबही पाहिला नव्हता. मावशी त्यांना माहेरच्या म्हणायची आणि शेतातल्यांना सासरच्या. माहेरची अळी लाडावलेली. मॅडम सुईच्या टोकाएवढा औषधाचा थेंब तिच्या पाठीवर ठेवत, की ती वेटोळं करून मान टाकायची. सासरची अळी तोच थेंब अंगावर घेऊन जेवणाकडे वळायची.

"यातच सगळं आलं, मावशी," मॅडम सांगत. "एकच औषध वर्षानुवर्षं मारलं, की त्याने मरणाऱ्या मरून जातात. ज्या मरत नाहीत त्या उरतात, आणि पिल्लं त्यांनाच होतात. मग अख्खं शेत त्यांचंच."

"मग माहेरच्या कशाला सांभाळायच्या? त्या तर कुणीही मारेल."

"माप म्हणून. माहेरची मेली आणि शेतातली जगली, तर औषध निकामी झालंय असं मी छातीठोक सांगू शकते. माहेरची नसेल तर मी काय सांगणार? औषध खराब होतं, का थेंब लहान पडला, का अळी दांडगी झाली? दुकानदार म्हणेल ते खरं मग."

हे मावशीला पटलं होतं. अळीची कितीही शिसारी आली तरी माहेरचं घराणं बुडता कामा नये. ते आपल्या हाती आलं तसं निर्मळ पुढच्या हाती द्यायचं, एवढी एक गोष्ट तिने मनाशी बांधली होती.

घरी निराळाच तमाशा. मुलगा मोठा झाला, टेम्पो चालवू लागला, लग्न झालं आणि सून आली. सून म्हणजे नुसतं नाक. दूध नासायच्या आदल्या दिवशी तिला कळायचं. शेजारणीकडे कोण आजारी आहे ते तिला जिन्यावरूनच समजायचं. तिने पहिल्याच संध्याकाळी सासूला दारात अडवलं.

"आई, तिथंच थांबा. आत येऊ नका."

"का गं? घर माझं आहे."

"घर तुमचंच आहे, पण तो वास कुणाचा आहे? काय मेलंय तुमच्या कोटात?"

तेव्हापासून नियम झाला. मावशीने मागच्या दाराने यायचं, कोट बाहेरच्या खुंटीला टांगायचा, चपला बाहेर, थेट न्हाणीघरात, केसांवरून पाणी, मग स्वयंपाकघर. सुनेने तिच्या कपड्यांसाठी वेगळी बादली ठेवली, वेगळा साबण ठेवला, आणि ती बादली ती काठीने ढकलायची.

"अगं, मी काय महारोगी आहे?" मावशी चिडायची.

"तुम्ही नाही हो. पण तुमच्या बाईसाहेब कुठं कुठं चिकटून येतात कोण जाणे." मग नवऱ्याकडे वळून, "हसताय काय? तुमचा टेम्पो तरी कुठं अत्तराचा आहे!"

अळीघरात पाऊल टाकणं लांबच, सून केंद्राच्या फाटकातूनसुद्धा कधी आत आली नाही. डबा विसरला तर पहारेकऱ्याच्या हातात देऊन लांबूनच परत.

मावशीला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण सुनेला दोष द्यायला तिची जीभ वळत नसे. सून जे उघड बोलायची तेच हिच्या पोटात इतकी वर्षं दडलेलं होतं ना!

शेवटी पतंगांनी घात केला. अळी मोठी होते, कोष करते, त्यातून तपकिरी पतंग निघतो. पतंग बरण्यांत ठेवत, मधाचं पाणी भिजवलेला कापूस चाटायला आणि अंडी घालायला काळं कापड. झाकण उघडलं की त्यांच्या पंखांची भुकटी उडे. नाकात, घशात, पापण्यांवर. वर्षानुवर्षं ती भुकटी छातीत बसली, आणि मावशीला असा खोकला लागला की बोलता बोलता बाई वाकून जायची. डॉक्टरने साफ बजावलं, अळीघरात पुन्हा जायचं नाही.

"तुमच्या जागी कुणाला घेऊ, तुम्हीच सांगा," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याइतकी माया असणारी पाहिजे."

आणि इथेच मावशी चुकली. माया, माया ऐकून तिलाही वाटलं, आपल्यात जे नाही ते पुढच्या बाईत तरी असावं. केंद्रात एक तरुण बाई रोपवाटिकेत पाणी घालायची. फार हळवी. मुंगी पायाखाली आली तर उडी मारायची, सुकलेल्या रोपाशी बोलायची. सगळे तिला मऊबाई म्हणत. मावशीने तिला एकदा अळीघर दाखवलं तर ही पोरगी अळी तळहातावर घेऊन म्हणते कशी, "अगं बाई, किती गोड चालतेय!"

गोड! मावशीने नजर दुसरीकडे वळवली. पण तिने ठरवलं, हीच. हिला किळस नाही, हिला जमेल.

मावशीने तिला सगळं शिकवलं. ब्रश कसा बुचकळायचा, वाट्या किती उकळायच्या, पाहुणखोलीतून माहेरच्या खोलीत जाताना कोट, चपला, ब्रश, सगळं बदलायचं. मऊबाई मान हलवायची. शिकली झटकन. फक्त मलूल अळी उकळत्या डब्यात टाकायची वेळ आली की डोळे मिटायची.

मावशी आता पंपघराजवळच्या बाकावर बसून वाट्या धुवायची. आत जायची नाही. आणि अशातच तिचा थोरला भाऊ मोठी बरणी घेऊन हजर झाला.

दादाची कापसाची शेती होती आणि औषध मारण्यावर त्याची भारी श्रद्धा. एक बाटली चालली नाही तर दोन, दोन चालल्या नाहीत तर तीन बाटल्या एकाच पिंपात. त्याच्या कपड्यांना औषधाचा तो गोडसर, घसा धरणारा वास कायमचा मुरला होता. मावशीला अळीचा वास परवडला, पण हा नको व्हायचा.

"काय गं अळीबाई, बघ तुझ्या भाचरांना!" त्याने बरणी बाकावर आपटली. आत बोंडांचे तुकडे आणि गुबगुबीत अळ्या. "औषध पितात आणि ढेकर देतात. दुकानदाराने नवीन मिश्रण दिलंय, पिंप भरून ठेवलाय. उद्या देतो दणका."

"दणका देऊन कोण मरणार? अळी का तू?" मावशी म्हणाली. "मागच्या खेपेला डोळे लाल करून चार दिवस भिंतीला धरून चालत होतास ते विसरलास? त्या पिंपावर बसलेली माशी मेली, अळी नाही मेली."

मॅडमनी बरणी घेतली आणि त्याला बजावलं, "दादा, माहेरच्यांबरोबर यांची चाचणी करते. तोवर पिंपाला हात लावू नका."

"तोवर माझी बोंडं खलास झाली तर?"

"तर मला शिव्या द्या. पण थांबा."

दादा कुरकुरत थांबला. आता त्याचं सगळं त्या चाचणीवर, आणि चाचणी माहेरच्यांवर.

दोन-चार दिवस गेले असतील. मावशी बाकावर वाट्या धूत होती आणि जाळीतून एक वास आला. नेहमीचा नव्हे. नेहमीचा भपकारा तिच्या ओळखीचा होता, त्याच्याशी तिचं रोजचं भांडण होतं. हा वास खालून येणारा, चिकट, सडलेल्या माशाला साखर लावावी तसा. तिने डॉक्टरला बाजूला ठेवलं, तोंडाला फडकं बांधलं आणि दोन्ही दारं ओलांडून आत गेली.

माहेरच्या खोलीत, फळीवर, अळ्या वाट्यांच्या झाकणांना मागच्या पायांनी लटकल्या होत्या. तोंडं खाली. अंग काळपट, फुगलेलं, चकचकीत. तिने एका झाकणाला ब्रशचं टोक लावलं तर अळीची कातडी ओल्या कागदासारखी फाटली आणि आतलं सगळं तपकिरी पाणी होऊन वाटीत गळलं. अळी म्हणून काही उरलंच नाही, नुसती घाण. दुसरी तशीच, तिसरी तशीच. मावशी तिथेच भिंतीला टेकली. ओकारी आली पण ओकायलाही दम नव्हता.

"विषाणू," मॅडम धावत येऊन म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "अळीचा रोग आहे. माणसाला काही होत नाही, पण अळीला सोडत नाही. कुठून आला?"

मऊबाई दारात उभी होती, डोळे भरलेले. "मॅडम, त्या दादांच्या बरणीतल्या काही अळ्या सुस्त झाल्या होत्या. खातच नव्हत्या. मला वाटलं गारठल्या. पाहुणखोलीत गार असतं ना. म्हणून मी त्यांना इकडे ऊबेला आणलं. ताजं अन्न घातलं."

"ब्रश?"

"तोच वापरला," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मावशीला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. सुस्त अळीला ऊब देते, अन्न भरवते, कपाळ माझं! सुस्त अळी दिसली की अंगावर शहारा यायला पाहिजे. शहारा आला नाही तर माणूस काय करणार, कुरवाळणारच. आणि हिला निवडली कुणी?

मॅडमनी हिशेब झटकन मांडला. खोलीतली प्रत्येक अळी जायला हवी, वाट्यांसकट, फळ्यांसकट. कोषसुद्धा. फक्त पतंगांच्या बरणीतलं काळं कापड वेगळं होतं. त्यावरची अंडी आधीची होती. ती ब्लीचच्या पाण्यात धुतली तर वरचा रोग निघून जाईल. आतली अळी निर्मळ निघाली तर घराणं वाचेल. पण ती वाढवायची दुसरीकडे, वाण तयार करणाऱ्या विभागाची बियाणं ठेवायची एक खोली रिकामी होती तिथे. आणि वाढवणारी बाई अशी हवी की जिच्या हाताला, चपलेला, केसाला या अळीघराचा वाराही लागलेला नाही.

"मी कापड धुवून दारापर्यंत देईन, हातमोजे घालून. पण आत मी नाही जाऊ शकत. माझ्या अंगावर आत्ता काय काय असेल देव जाणे," मॅडम म्हणाल्या. "मऊबाई नाही, तुम्ही नाही. केंद्रातला जो-तो इथे येऊन गेलाय. कोण राहिलं?"

मावशीने डोळे पुसले आणि तिला एकदम हसू आलं. वेड लागल्यासारखं.

"एक आहे, मॅडम. अख्ख्या गावात तिच्याइतकी निर्मळ बाई नाही. पण ती येईल का, ते माहीत नाही."

मावशी घरी गेली. मागच्या दाराबाहेरच उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही, आणि सुनेला तिथूनच सगळं सांगितलं.

"मी? अळ्या?" सून दोन पावलं मागे सरली. "आई, तुम्हाला ताप आलाय का?"

"तुला शिवायला नाही सांगत. ब्रशने उचलायचं, वाटीत सोडायचं, ब्रश धुवायचा."

"मला ओकारी होईल."

"मलाही होते."

सून थांबली. "काय होते?"

"ओकारी. पहिल्या दिवसापासून. मी कधी बोलले नाही, पण रोज होते. मला त्या भवान्यांची किळस येते गं, तुझ्यापेक्षा जास्त येते. आणि म्हणूनच त्या इतकी वर्षं जगल्या, हे मला आज कळलं."

सुनेने सासूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. असं तिने लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं.

"आणि मला रोज बादलीवरून बोलून घेत होतात ते?"

"मग काय तुला शाबासकी देऊ? सासू आहे मी."

सून आली. नाकावर दुहेरी फडकं, कोपरापर्यंत हातमोजे, आणि तोंडात सासूच्या सात पिढ्या. बियाण्याच्या खोलीत कापड घ्यायच्या आधी तिने भिंती पुसल्या, टेबल घासलं, आणलेल्या उकळलेल्या वाट्या पुन्हा उकळल्या. मावशी खिडकीच्या काचेबाहेरून बघत होती. आवाज काचेतून अर्धामुर्धा यायचा.

"शी! हे काय? हे कापड?"

"त्यावरचे ठिपके म्हणजे अंडी. खसखशीएवढी. हात लावू नकोस."

"लावतेय कोण!"

मग वाट बघणं आलं. अंडी पिवळसर होती, ती आतून काळी पडून फुटायला हवी होती. फुटेनात. सून येऊन बघायची, नाक मुरडायची, जायची. मावशी काचेला नाक लावून उभी. अळीघरातलं सगळं तोवर उकळून, जाळून झालं होतं. घराणं म्हणजे आता एक काळं कापड, बस. तिकडून दादाचे निरोप यायला लागले, पिंप उतू चाललाय, काय ते सांगा.

अशा वेळी मऊबाई मावशीला येऊन भेटली. हातात रुमालाने झाकलेला ट्रे.

"मावशी, रागावू नका. मी माहेरच्यांतल्या काही वाचवल्या. रोग कळला त्याच दिवशी बाजूला काढल्या होत्या, माझ्या खोलीवर ठेवल्या. बघा, एकही लटकलेली नाही. खातात, चालतात. धडधाकट आहेत."

मावशीने रुमाल वर केला. हिरव्यागार, टपोऱ्या अळ्या. वळवळणाऱ्या. तिला शहारा आला, पण त्या शहाऱ्याच्या वर आशा चढून बसली. अंडी फुटलीच नाहीत तर? हे शेवटचं माहेर असलं तर? तिने ट्रे घेतला आणि बियाण्याच्या खोलीच्या दाराशी नेला.

"सूनबाई, अंड्यांचं काही खरं नाही. या घेऊन ठेव आत. चांगल्या आहेत."

सुनेने दार बोटभर उघडलं. फडकं जरा खाली केलं. आणि तिचं तोंड असं वाकडं झालं जणू कुणी कडू पाजलंय.

"नाही."

"काय नाही?"

"वास येतोय. सडलेला आणि गोड."

"मला काही येत नाही."

"तुमचं अर्धं नाक त्या पतंगांनी खाल्लंय, बारीक वास कळत नाही तुम्हाला, आई. मला येतोय. आत आणायचं नाही."

"अगं, त्या जिवंत आहेत! शेवटच्या आहेत! तुझं नाक म्हणजे काय मॅडमचं यंत्र आहे?"

"मला बोलावलं कशाला? नाकासाठीच ना?" असं म्हणून सुनेने दारातूनच लांब चिमट्याने ट्रे ओढला, दाराला लागून बाहेरच्या चुलीवर पाणी रटरटत होतं त्यात उपडा केला, चिमटाही त्यात टाकला, आणि दार लावून घेतलं.

मऊबाईने किंकाळी मारली. मावशी सुनेला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग ती चुलीजवळच्या दगडावर बसून रडली. अळ्यांसाठी रडली, आणि रडताना त्या उकळणाऱ्या पाण्याच्या वासाने तिला पुन्हा ओकारी आली, असं ते विचित्र रडणं.

दुसऱ्या दिवशी मऊबाई आपणहून आली. तिच्या खोलीवर त्याच टोळीतल्या दोन अळ्या मागे राहिल्या होत्या, जीव गुंतला म्हणून ठेवलेल्या. दोन्ही झाकणाला उलट्या लटकल्या होत्या. एक तिच्या बोटावर फुटली होती. ती हात लांब धरून उभी होती, जणू हात तिचा नव्हता, आणि तिच्या चेहऱ्यावर मावशीने पहिल्यांदा किळस पाहिली. पांढरीफटक, खरी.

"धू जा, साबणाने," मावशी म्हणाली. "आणि रडू नकोस. माझंही चुकलंच होतं."

त्याच दिवशी काचेआडून सून ओरडली. मावशीला वाटलं आता हिच्यावर काही चढलं. पण सून टेबलापासून लांब, भिंतीला पाठ लावून, काळ्या कापडाकडे बोट दाखवत होती.

"आई! हलतंय! ई, सगळं हलतंय!"

कापडावर दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारख्या अळ्या फिरत होत्या. मावशी काचेला हात टेकून हसली, खोकली, पुन्हा हसली.

"मग बघतेस काय? ब्रश घे! एका वाटीत एक! दोन घातल्यास तर एकमेकींना खातील."

"खाऊ दे, बला जाईल!" सून म्हणाली, आणि ब्रश उचलला.

घराणं पुन्हा उभं राहायला वेळ लागला, पण राहिलं. दादाला तोवर मॅडमनीच गाठलं. त्या स्वतः त्याच्या शेतात गेल्या आणि रोपांच्या शेंड्यांवर उलट्या लटकलेल्या काळ्या अळ्या त्याला दाखवल्या. रोग त्याच्याच शेतातून बरणीत आला होता. औषधाला दाद न देणाऱ्या अळ्या त्या रोगाने आपोआप गळत होत्या, आणि हा बाबा त्यांच्यावर तीन बाटल्यांचा पिंप ओतायला निघाला होता.

"या मेलेल्या गोळा करा," मॅडम म्हणाल्या. "पाण्यात कुस्करा, फडक्याने गाळा, आणि ते पाणी ऊन उतरल्यावर बाकीच्या शेतावर फवारा, म्हणजे हाच रोग उरलेल्यांना लागेल."

"कुस्करा? हाताने?"

"हातमोजे घाला हवं तर."

दादाने एक बादली भरली, बहिणीला बोलावून घेतलं, शेताच्या बांधावर बसला, आणि कुस्करायला लागला. विषाचे पिंप उपसताना ज्याच्या कपाळावर कधी आठी पडली नाही, त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. "अगं, काय हा वास! माणसाने करायचं काम आहे का हे? जेवण जायचं नाही दोन दिवस."

"कुस्कर, कुस्कर," मावशी तोंडाला फडकं लावून म्हणाली. "तुझ्या पिंपाला असाच वास असता तर कधीच थांबला असतास. तो गोड होता ना, म्हणून घात झाला."

दादाची सगळी बोंडं वाचली नाहीत. पुष्कळ वाचली. पुढे चाचणी झाली तेव्हा माहेरच्या थेंबाने मेल्या, दादाच्या शेतातल्या तशाच चरत राहिल्या, आणि मॅडमनी छातीठोक सांगितलं की ते मिश्रण निकामी आहे. दादाने पिंप केंद्रात आणून दिला. घरात ठेवायची त्याला आता शिसारी येत होती, असं म्हणाला. खरं-खोटं तोच जाणे.

मऊबाई वाण विभागात गेली. तिथे कापसाच्या कळ्या उमलायच्या आधी सोलून त्यातले पुंकेसर चिमटीने काढायचे, आणि दुसऱ्या झाडाचा पराग हलकेच लावायचा, असं नाजूक काम असतं. ती कळ्यांशी बोलते म्हणे. कळ्यांशी बोललेलं चालतं.

अळीघर सुनेकडे आलं. ती रोज नाक मुरडत जाते, आणि मलूल अळी दिसली की तिचा हात चिमट्याकडे असा जातो की अळीला वळवळायलाही उसंत मिळत नाही. मॅडम पाहुण्यांना आता मायेचं काही सांगत नाहीत. म्हणतात, आमच्या बाईंना यांची फार किळस आहे. पाहुणे बुचकळ्यात पडतात.

संध्याकाळी सून घरी येते तेव्हा मागच्या दाराशी मावशी काठी घेऊन बसलेली असते, आणि बादली पुढे ढकललेली असते.

"तिथंच थांब. आत येऊ नकोस."

"आई, दमलेय हो मी."

"दमलीस तर दमलीस. कोट खुंटीला. चपला बाहेर. केसांवरून पाणी घे, आणि आज मानेमागे नीट घास. काल तिथं भुकटी राहिली होती."

"तुम्हाला बारीक वास येत नाही ना? मग कळलं कसं?"

"मला दिसतं," मावशी म्हणते आणि काठीने बादली आणखी थोडी ढकलते.